तांबूचा चौथा पाय



सहामाही परीक्षा संपली ना? पेपर कसे गेले ते मी विचारणार नाही. घाबरू नका! आता घरोघरी किल्ल्याची माती चाळायचं काम सुरू झालं असेल. आमच्या अंगणातही ओंकारनं राजगड काढलाय. पण त्याची एक तक्रार आहे. तो बुरूज थापून आत पाणी प्यायला गेला, की तांबू येऊन नेमकी त्या ओल्या बुरजावर बसते. काल तो ओरडला, "आई, बघ ना! ही बालेकिल्ल्यावर चढली!"

मी खिडकीतून पाहिलं आणि मला राग येण्याऐवजी हसूच आलं. तांबू स्वतःच्या पायांनी चढली होती. चारही पायांनी.

तांबूला तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात. दोन वर्षांपूर्वी लोणंदच्या बाजारातून आमच्या मागं मागं घरी आलेली ही गावठी कुत्री. रंग तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. मागं मी तिच्याविषयी लिहिलं होतं, तेव्हा कितीतरी पत्रांच्या शेवटी 'तांबूला शेकहँड' असं लिहून आलं होतं. ह्या पावसाळ्यात तिच्यावर मोठा प्रसंग आला. तो आज सांगते. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी व्हायची नाही.

नागपंचमीच्या आदल्या आठवड्यातला सोमवार. मला शाळेला उशीर झाला होता. पाऊस भुरभुरत होता. मी घाईघाईनं स्कूटी बाहेर काढली, फाटक ओढून घेतलं आणि निघाले. ओंकार माझ्यानंतर पाऊण तासानं त्याच्या शाळेत गेला. अकराच्या सुमारास शेजारच्या काकांना तांबू रस्त्याकडेच्या चारीत पडलेली दिसली. कोणत्या तरी गाडीचा धक्का लागला होता. त्यांनी तिला घरी आणून सोडलं.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा तांबू ओट्याखाली अंग चोरून बसली होती. मागचा उजवा पाय तिनं वर धरला होता. आजी ओंकारला विचारत होती, "फाटकाची कडी कुणी लावली न्हाई रं? शेवटी तूच गेलास न्हवं?" ओंकार खाली मान घालून म्हणाला, "मीच विसरलो असेन."

तेवढ्यात काका कुंपणापलीकडून मला म्हणाले, "बाई, सकाळी तुमच्या गाडीमागंच धावत होती की ही! मला वाटलं, तुम्ही हाक मारलीत."

माझ्या पोटात धस्स झालं. मी फाटक ओढलं होतं, पण कडी लावल्याचा आवाज मला आठवेना. आठवणार कसा? मी लावलीच नव्हती. तांबू माझ्याच मागं आली होती. हे मला त्या क्षणी समजलं. आणि मी गप्प बसले.

का गप्प बसले? मला त्याचं नीट उत्तर देता येत नाही. आत्ता नको, जेवताना सांगू, असं म्हटलं. जेवताना म्हटलं, उद्या सांगू. तुमच्या लक्षात आलं असेलच, असला 'उद्या' लवकर उजाडत नाही.

तांबूच्या बाबतीतही आम्ही तेच केलं. ती तीन पायांवर उठत होती, भाकरी खात होती, शेपूट हलवत होती. रक्त कुठंच नव्हतं. सगळे म्हणाले, मुका मार आहे, चार दिवसांत बरी होईल. मीही 'हो' म्हटलं. असे पाच दिवस गेले. शनिवारी ओंकारचे बाबा म्हणाले, "हिचा एक पाय आखूड दिसतोय." खरंच की! दुखरा पाय चांगल्या पायापेक्षा बोटभर आखूड झाला होता. मग मात्र आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि सांगितलं, "खुबा निखळला असावा. एक्स-रे काढायला शिरवळला न्या."

इथं एक गोष्ट सांगून ठेवते. दुखावलेल्या कुत्र्याला तुम्ही मुलांनी एकट्यानं कधी उचलू नका. कितीही लाडकं असलं तरी कळ आली की ते चावू शकतं. त्यात त्याचा काही दोष नसतो. आम्ही मऊ पट्टीनं तांबूचं तोंड सैलसर बांधलं, तिला जाड पोत्यावर सरकवलं आणि दोघांनी पोत्याची टोकं धरून झोळीसारखं उचलून गाडीत ठेवलं.

शिरवळ आमच्या सातारा जिल्ह्यातच आहे, पुणे-सातारा महामार्गावर. तिथं क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९८८ साली ते सुरू झालं. जनावरांचे डॉक्टर व्हायचं असेल तर अशा महाविद्यालयात शिकावं लागतं, आणि शिकवण्यासाठी तिथं मोठा दवाखानाही असतो. आमच्या पुढं रांगेत एक शेळी होती, मागं एक म्हैस. तांबूनं कुणावरच भुंकायचा उत्साह दाखवला नाही, ह्यावरूनच तिला किती दुखत होतं ते कळावं.

एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टरांनी आम्हांला समजावलं. तेच मी तुम्हांला समजावते. डाव्या हाताची वाटी करा. उजव्या हाताची मूठ त्या वाटीत ठेवा आणि फिरवा. फिरते ना सगळीकडे? हा झाला उखळीचा सांधा. विज्ञानाच्या पुस्तकात तो आहेच. मांडीच्या हाडाचं वरचं टोक मुठीसारखं गोल असतं आणि कमरेच्या हाडात त्याच्यासाठी वाटी असते. आपला खुबा असाच आणि कुत्र्याचाही असाच. आता मूठ वाटीतून काढून जरा वर आणि पुढं सरकवा. तांबूचं हाड असं वाटीबाहेर सरकलं होतं. म्हणून तर पाय आखूड दिसत होता.

"मग परत वाटीत बसवा ना!" ओंकार म्हणाला.

"लगेच आणलं असतं तर भूल देऊन तसा प्रयत्न केला असता," डॉक्टर म्हणाले. "तो जमलाच असता असं नाही. पण आता आठवडा होत आला. वाटी आतून भरत चाललीय, स्नायू आखडलेत. बसवलं तरी टिकणार नाही."

मी खाली बघितलं. ओंकारनंही खाली बघितलं. आम्हा दोघांच्या मनात एकच विचार होता, फक्त त्यातला एक जण विनाकारण तो विचार करत होता.

डॉक्टरांनी जो उपाय सांगितला तो ऐकून मी चक्रावलेच. मांडीच्या हाडाचं ते गोल टोकच कापून काढायचं! त्या शस्त्रक्रियेचं नाव फीमोरल हेड ऑस्टेक्टॉमी. गोल टोक गेलं की हाडावर हाड घासत नाही आणि दुखणं थांबतं. मग त्या मोकळ्या जागेत शरीर स्वतःच चिवट धाग्यांसारखी गादी तयार करतं, आजूबाजूचे स्नायू हाडाला धरून ठेवतात आणि एक खोटा सांधा तयार होतो. हाडाला हाड टेकत नाही, तरी पाय चालतो. बेताच्या वजनाच्या कुत्र्यांना हा उपाय चांगला लागू पडतो. तांबूचं वजन भरलं १५ किलो.

"पण एक लक्षात ठेवा," डॉक्टर म्हणाले, "माझं काम तासा-दीड तासाचं. तुमचं काम दोन-तीन महिन्यांचं. पाय वापरला तरच तो सांधा मोकळा राहील. नुसतं पडून राहिली तर तिथलं सगळं घट्ट होऊन बसेल, आणि ही जन्मभर तीन पायांवर उड्या मारेल."

रक्त तपासलं, रात्रभर उपाशी ठेवलं आणि मंगळवारी सकाळी शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तांबू घरी आली. एका बाजूचे केस भादरलेले, टाक्यांची लांब रेघ, आणि गळ्यात प्लॅस्टिकची मोठी गोल कॉलर. टाके चाटू नयेत म्हणून ती घालतात. आमच्या गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव 'भोंगा' ठेवलं. भोंगा दाराला अडकायचा, पाण्याच्या भांड्याला अडकायचा. पाणी पिताना आम्ही समोर बसून तो तेवढ्यापुरता काढायचो आणि लगेच परत घालायचो.

घरातली फरशी गुळगुळीत. तीन पायांवर उभं राहणारं जनावर तिच्यावर घसरणारच. आजीनं कपाटावरच्या जुन्या सतरंज्या आणि गोणपाटं काढली आणि दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत वाट अंथरली. आमचं घर महिनाभर धान्याच्या आडतीसारखं दिसत होतं!

पहिले तीन दिवस फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-दहा मिनिटं शेक. चौथ्या दिवसापासून कोमट पाण्याच्या फडक्याचा शेक. दुखण्याची गोळी दिल्यानंतर थोड्या वेळानं तिला कुशीवर झोपवायचं आणि पाय अगदी हळू मागं-पुढं करायचा. दहा वेळा. दिवसातून तीनदा. ती कण्हली की तिथंच थांबायचं. आणि दर दोन-तीन तासांनी पट्टा लावून पाच मिनिटं चालवायचं.

हे चालवणंच सगळ्यांत अवघड होतं. तांबू दोन पावलं टाकायची आणि ओंकारकडे असं बघायची, की त्याच्यानं राहवायचं नाही. तो तिला उचलून घ्यायचा. मीही घ्यायचे. दारापर्यंत उचलून, अंगणात उचलून, परत आत उचलून. चौथ्या दिवशी आजीनं आम्हांला चांगलंच फैलावर घेतलं.

"आगं, तिला काखंत घेऊन हिंडलीस तर तिचा पाय भुईला टेकंल कसा? माझा हात बघ!"

आजीचं मनगट पाच वर्षांपूर्वी मोडलं होतं. प्लॅस्टर निघाल्यावर डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. पण दुखतं म्हणून आजीनं केला नाही आणि आम्हीही 'राहू द्या, तुम्ही बसा' म्हणत सगळी कामं तिच्या हातातून काढून घेतली. अजून तिला डब्याचं झाकण फिरवता येत नाही. "तुमच्या मायेनं माझा हात बसला," आजी म्हणाली. "ह्या मुक्या जीवाला तरी तसं करू नका."

त्या दिवसापासून उचलणं बंद. मग ओंकारला एक गंमत सापडली. तांबू भरभर चालली की तिसरा पाय, दुसरा पाय, पहिला पाय असे तीनच वापरून उड्या मारत जायची. पण अगदी सावकाश, मुंगीच्या चालीनं नेलं, की तिचा तोल जायचा आणि तो जाऊ नये म्हणून चौथा पाय आपोआप जमिनीकडे यायचा. म्हणजे हळू चालणं हेच तिचं औषध! ओंकारला हळू चालायला सांगणं म्हणजे वाऱ्याला रांगेत उभं करण्यासारखं आहे. पण तो चालला.

पाय खरंच टेकतो की नुसता हलतो, हे कसं कळणार? त्यानं तांबूचे पंजे ओल्या फडक्यानं पुसले आणि तिला ओट्याच्या कोरड्या फरशीवरून नेलं. ओले ठसे उमटले. दहा पावलांत चौथ्या पायाचे ठसे किती, ते त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली. पहिले पाच दिवस शून्य. सहाव्या दिवशी एक अर्धा ठसा, फक्त बोटांचा. त्या अर्ध्या ठशासाठी ओंकारनं गल्लीभर आरोळी ठोकली.

आता त्या चुकीकडे येते.

दहाव्या दिवसाची रात्र. ओंकार तांबूचा पाय मागं-पुढं करत होता. सकाळ, दुपार, रात्र, तिन्ही पाळ्या तोच करायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. शाळेतून दुपारी धावत घरी यायचा. मला वाटायचं, किती जीव आहे ह्याचा! त्या रात्री पाय जरा जास्त ताणला गेला आणि तांबू केकाटली. ओंकार एकदम रडायला लागला.

"माझ्यामुळंच झालं ना आई हे सगळं? मी कडी लावली असती तर तिचं हाड कापावं लागलं नसतं."

मला कळलं, तो नुसता तांबूवर जीव आहे म्हणून करत नव्हता. तो शिक्षा भोगत होता. माझ्या वाटची.

मी वर्गात रोज सांगते, 'चूक झाली तर उभं राहून सांगावं, बाई रागावणार नाहीत.' आता माझी उभं राहायची वेळ होती.

"ओंकार, कडी तू उघडी ठेवली नव्हतीस. मी ठेवली होती. तांबू माझ्या गाडीमागं आली होती."

तो डोळे पुसायचा थांबला. "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

त्यानं बोटांवर मोजलं. सोमवारपासून मोजलं. "म्हणजे अठरा दिवस?"

"हो. अठरा दिवस."

मला वाटलं, तो चिडेल, ओरडेल. त्यानं तांबूचा पाय हळूच खाली ठेवला आणि आजीच्या अंथरुणात जाऊन झोपला. मी तांबूपाशी बसून राहिले. उरलेले चार वेळचे व्यायाम मी केले.

सकाळी चहाच्या वेळी मी आजीलाही सांगितलं. आजी काही बोलली नाही. तिनं ओंकारच्या डब्यात एक बेसनाचा लाडू जास्तीचा घातला आणि त्याच्या केसांवरून दोनदा हात फिरवला. कॅलेंडरपाशी गेले तर तिथं एक नवीन वेळापत्रक चिकटवलेलं होतं. 'पहाटे साडेपाच – आई. दुपारी – आजी. रात्री – ओंकार.' साडेपाचची पाळी मला! मी मुकाट्यानं मान्य केली. आणि खाली लहान अक्षरात लिहिलं होतं, 'कडी – सगळ्यांनी बघायची.'

बाराव्या दिवशी टाके निघाले आणि भोंगाही गेला. तांबूनं पहिलं काम केलं ते म्हणजे पोटभर अंग खाजवलं. चौदाव्या दिवशी दहा पावलांत तीन ठसे. मग वाटलं, आता काय, झालंच! पण विसाव्या दिवशी तिला कुंपणावर मांजर दिसलं. पट्टा ओंकारच्या हातातून सुटला, तांबू सुसाट धावली आणि परत आली ती पाय वर धरूनच. पुन्हा शून्य ठसा. ओंकारचा चेहरा एवढासा झाला. आम्ही डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "दोन दिवस आराम द्या, मी सांगतो ती गोळी द्या, आणि मग पुन्हा सुरू करा. असं होतंच." आम्ही पुन्हा सुरू केलं. अठ्ठाविसाव्या दिवशी सहा ठसे आले.

ह्याच सुमारास मी वर्गात तांबूचं गणित घातलं. उभं असताना कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि ४० टक्के मागच्या. तांबू १५ किलोची. म्हणजे पुढं ९ किलो, मागं ६ किलो. मागच्या एका पायावर ३ किलो, जवळजवळ तुमच्या दप्तराएवढे. तो पाय वर धरला, की ते ३ किलो बाकीच्या तीन पायांनी वाहायचे. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे दुखऱ्या पायापेक्षा चांगलेच पाय जास्त दमत असतील." मला हे सुचलं नव्हतं. तिचं अगदी बरोबर आहे.

न वापरलेला पाय बारीक होतो. शिंप्याच्या टेपनं आम्ही दोन्ही मांड्या मोजल्या. डावी ३० सेंटिमीटर, उजवी २५. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांना विचारून तांबूला शेताच्या पाटात, तिच्या पोटापर्यंत येईल एवढ्याच पाण्यात चालवायला लागलो. पाणी अंगाला वर उचलून धरतं, त्यामुळं पायावरचा भार हलका होतो, आणि पाय मात्र पाण्याला रेटत राहतो. मग हळूहळू बांधाचा चढ. पंचेचाळिसाव्या दिवशी ओट्यावर दहापैकी दहा ठसे उमटले. त्या दिवशी आरोळी ओंकारनं नाही, आजीनं ठोकली.

आता अकरा आठवडे झालेत. उजवी मांडी २८ सेंटिमीटर झालीय. तांबू धावते, ओट्यावरून उडी मारते, किल्ल्यावर चढते. पण ती थोडी लंगडते. सकाळी उठल्यावर आणि गार हवेत जास्त. तो पाय किंचित आखूडच राहणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ते मी तुमच्यापासून लपवत नाही. ती लंगडली की मला कडी आठवते. आठवू दे. फाटकाशी थांबून मी आता कडीचा 'खट्' असा आवाज ऐकते, मगच गाडी सुरू करते.

ओंकार मात्र सगळं विसरल्यासारखा वागतो. परवा त्याच्या हातून माझी चष्म्याची काडी मोडली. पूर्वी त्यानं चष्मा गुपचूप घरात ठेवून दिला असता. ह्या वेळी तो लगेच समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मी मोडली. अठरा मिनिटंसुद्धा झाली नाहीत!"

आईबाबांसाठी थोडंसं

घरात कुत्रं असेल आणि ते पाय वर धरून चालायला लागलं, तर 'होईल बरं' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. रक्त नाही म्हणजे दुखापत नाही, असं नसतं. आपल्या घरातल्या दुखण्याच्या गोळ्या त्याला परस्पर कधीही देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या पोटात जखमा करते आणि मूत्रपिंडं बिघडवते. आणखी एक. आमच्या तांबूला डॉक्टरांनी लवकर चालवायला सांगितलं, पण सगळ्या शस्त्रक्रियांना हा नियम नाही. गुडघ्याचा बंध तुटून शस्त्रक्रिया झाली असेल किंवा हाडाला पट्टी बसवली असेल, तर उलट कित्येक आठवडे धावणं, उड्या, जिना सगळं बंद ठेवावं लागतं. तेव्हा तुमच्या कुत्र्याला त्याचे डॉक्टर सांगतील तेच करा.

व्यायामाच्या कामात मुलांना जरूर घ्या, पण पहिले काही दिवस मोठ्या माणसानं शेजारी बसा. आणि मूल एखादं काम गरजेपेक्षा जास्त मन लावून करत असेल, तर ते कशासाठी करतंय हे एकदा जवळ बसून विचारा. मी दहा दिवस विचारलं नव्हतं.

करून बघा

१. गल्लीतल्या कुत्र्याला लांबून, त्याच्या जवळ न जाता, चालताना नीट बघा. त्याचा मागचा पाय मागच्या बाजूला वाकलेला दिसतो, तो सांधा गुडघा नव्हे. तो घोटा आहे! कुत्रं बोटांवर चालतं आणि त्याची टाच वर असते. मग गुडघा कुठं आहे? शोधा आणि चित्र काढा.

२. २० किलोच्या कुत्र्याच्या पुढच्या एका पायावर किती भार येईल? उत्तर रीत लिहून पाठवा. नुसतं उत्तर पाठवणाऱ्याला अर्धेच गुण!

३. तुमच्या घरात आजारातून उठणारं कुणी असेल, आजी, आजोबा, लहान भाऊ, तर त्यांच्याबरोबर रोज पाच मिनिटं सावकाश चाला. त्यांच्या चालीनं, तुमच्या नव्हे.

चला, ओंकार हाक मारतोय. बालेकिल्ला पुन्हा बांधायचाय. तांबूसाठी ह्या वेळी किल्ल्याला एक रुंद पायरी ठेवायची असं ठरलंय. फटाके लांबून वाजवा, मुक्या जनावरांच्या जवळ तर नकोच. फराळ भरपूर खा. दिवाळीच्या तुम्हां सगळ्यांना शुभेच्छा!

तुमच्या
बाई